शास्त्रज्ञ आणि गावातला सल्लागार: देवाणघेवाण नेमकी कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ म्हणून नुकताच रुजू झालो आहे. विद्यापीठाच्या बैठका होतात, चर्चासत्रं होतात, पुस्तिका येतात. तरी शास्त्रज्ञांना गावातली अडचण कळत नाही आणि गावाच्या उपयोगाचं संशोधन आमच्यापर्यंत वेळेत येत नाही. माझ्या पातळीवर काय करता येईल? व्हॉट्सॲप गटाचा खरंच उपयोग होतो का?"

मी विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात याच कामात मुरलेला माणूस आहे, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच येतील.

वरून खाली येणाऱ्या माहितीची आपल्याकडे टंचाई नाही. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, म्हणजे अकोल्याची कृषी संवादिनी, राहुरीची कृषिदर्शनी, परभणीची दैनंदिनी दरवर्षी निघतात, रोजच्या पेपरात सल्ला येतो, मोबाइलवर संदेश येतात. अडतं ते खालून वर जाताना. गावातून विद्यापीठाकडे जाणारा प्रश्न इतका मोघम असतो की त्याला उत्तरही मोघमच मिळतं. "साहेब, पऱ्हाटी लाल पडून राहिली, काय मारू?" असं शेतकऱ्याने विचारणं अगदी रास्त (पऱ्हाटी म्हणजे कपाशी). पण तेच वाक्य एका फोटोसकट आपण शास्त्रज्ञाकडे ढकलणार असू, तर मधे आपलं काम काय? तिकडून उत्तर येतं: "मॅग्नेशियम सल्फेट फवारा." ते दहापैकी काही शेतांत बरोबर असतं आणि उरलेल्यांत पैसे पाण्यात.

लाल्याचंच, म्हणजे कपाशीची पानं लाल पडण्याच्या या दुखण्याचंच घ्या. पान लाल पडायला निदान चार कारणं असतात आणि ती बांधावर उभं राहून वेगळी काढता येतात. खालची जुनी पानं शिरांच्या मधे लाल, शिरा मात्र हिरव्या, तर मॅग्नेशियमची कमतरता. पानाची कड खाली मुडपलेली, लाली कडेकडून आत सरकतेय, पान उलटून पाहिलं की हिरवट पिलं तिरपी पळतात, तर तुडतुडे. हलकी मुरमाड जमीन, बोंडं भरपूर लागलेली आणि पावसाने ताण दिलेला, तर झाडाला नत्र आणि पाणी दोन्ही कमी पडतंय. रात्रीचा पारा एकदम उतरला आणि अख्खं शेत एकाच वेळी लाल झालं, तर त्यावर औषध मारून काही होणार नाही. आता हीच गोष्ट वर कळवायची तर अशी: "मुरमाड जमीन, अमुक वाण, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली लागवड, पाते-बोंडं लागलेली, लाली खालच्या पानांवर शिरांमधे, पानामागे तुडतुडे एकापेक्षा कमी, शेजारच्या भारी जमिनीत त्याच वाणाला काही नाही." हे वाचल्यावर शास्त्रज्ञाला पुस्तकी उत्तर देता येत नाही. त्याला विचार करावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो उलट प्रश्न विचारतो. देवाणघेवाण तिथून सुरू होते.

अशी दुतर्फा रचना आपल्याकडे कधी नव्हतीच असं नाही. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या पाठबळावर डॅनियल बेनोर यांची प्रशिक्षण आणि भेट पद्धत आली. गावपातळीवरचा कार्यकर्ता ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शेतकऱ्यांना, पंधरवड्यातून एकदा भेटणार, आणि महिन्याच्या कार्यशाळेत शास्त्रज्ञ व खात्याचे विषयतज्ज्ञ समोरासमोर बसणार अशी ती घडी. मासिक जिल्हा चर्चासत्र, निदान चमूच्या भेटी ही नावं तुमच्या कानावर असतील. ती याच विचारातली. कागदावर वर जाणारा रस्ता होता, पण प्रत्यक्षात संदेश खालीच वाहत राहिले. पुढे पैसा आटला. १९९८ मध्ये महाराष्ट्रात एक खिडकी पद्धत आली आणि गावातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर फळबाग, मृदसंधारण, अनुदानं, पंचनामे सगळंच आलं. आजच्या कृषी सहायकाकडे (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, काम तेच आहे) शेतात उभं राहायला वेळ किती उरतो हे तुम्ही पाहतच असाल. त्याच्यावर रागावू नका. वर जाणारा प्रश्न नेमका करण्याचं काम आज खऱ्या अर्थाने तुमच्याच खुर्चीचं आहे.

जिथे देवाणघेवाण जमली, तिथे काय होतं ते पाहा. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि पुढच्याच वर्षापासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प सुरू झाला. नेमलेल्या शेतांत दर आठवड्याला मोजणी, आकडे संगणकावर, विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ ते आकडे पाहून तालुक्याप्रमाणे सल्ला देणार. या प्रकल्पाबद्दल तक्रारी खूप आहेत. खोलीत बसून भरलेले आकडे मीही पाहिलेत. पण त्याने एक गोष्ट केली: शास्त्रज्ञ, अधिकारी आणि शेतकरी यांना एकच माप दिलं. आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे कीड किती झाली की फवारणी करायची तो आकडा, हा शब्द आधी फक्त पदव्युत्तर वर्गात ऐकू यायचा. आता गावात माणसं म्हणतात, "मीटरभर ओळीत चार अळ्या नाहीत अजून, थांबू."

हे माप किती कामाला येतं ते गुलाबी बोंडअळीत दिसलं. २०१७ च्या हंगामात ती राज्यभर बोकाळली तेव्हा शेतकऱ्याला बाहेरून काहीच दिसत नव्हतं. अळी बोंडात शिरते आणि शिरलेलं छिद्र बुजून जातं. बोंड वरून हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. अशा वेळी "निरीक्षण करा" हा सल्ला निरर्थक. उपयोगी पडलं ते हे: शेतात तिरपं चालत जा, वीस झाडांची प्रत्येकी एक अशी वीस हिरवी बोंडं तोडा, दगडावर ठेवून फोडा, दोनमध्ये अळी निघाली की दहा टक्के झाले, फवारणीची वेळ आली. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तेच. आणि फुलोऱ्यात डोमकळी शोधा, म्हणजे न उमललेलं, पाकळ्या एकमेकींत गुंतून कळीसारखं मिटलेलं फूल. ते उघडलं की आत अळी असतेच. डोमकळी शाळकरी पोरंही ओळखतात. संशोधनातला आकडा आणि बांधावरची खूण जिथे एकमेकांना भिडल्या, तिथे सल्ला दुसऱ्या दिवशी वापरात आला.

त्याच अळीच्या बाबतीत जिथे त्या भिडल्या नाहीत तीही गोष्ट सांगतो. बीटी, म्हणजे बोंडअळीविरुद्धचं जनुक घातलेल्या, कपाशीच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं. भोवती पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्रावर ते लावायचं, म्हणजे अळीत बीटीविरुद्ध प्रतिकार लवकर येणार नाही. शास्त्र पक्कं होतं. पण ते पाकीट बांधावर पडायचं किंवा नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी लावायला, जायचं, हे गावात काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या हंगामापासून माहीत होतं. स्वतःच्या शेतात अळीसाठी मुद्दाम पाच ओळी लावायला कोण तयार होईल? बैठकीत मात्र "शेतकऱ्यांचं प्रबोधन करावं" असा ठराव व्हायचा. एखाद्या तालुक्यातली शंभर शेतं फिरून किती जणांनी ते पाकीट लावलं याची साधी नोंद वेळेवर वर गेली असती, तर बियाणं पाकिटातच मिसळून देण्याचा मार्ग इतका उशिरा आला नसता असं माझं मत आहे. गुजरातेत या अळीने बीटीला दाद न देणं २०१० च्या सुमारास जाहीर झालं होतं, आणि आपल्याकडे भडका उडायला आणखी काही वर्षं होती.

फरदडीचं, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही कपाशी उभी ठेवून आणखी कापूस घेण्याचं, दुखणं याहून खोल आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, अळीची साखळी तुटेल, हा सल्ला शंभर टक्के बरोबर. एका मेळाव्यात तो दिल्यावर मागून एक काका उठले आणि म्हणाले, "साहेब, उपटतो न जी, पन मंग पेरू काय?" सभागृह हसलं, पण तो हसण्याचा प्रश्न नव्हता. हरभऱ्याची वेळ नोव्हेंबरातच निघून गेलेली. विहिरीला थोडं पाणी आहे. उभ्या झाडाला एकदोन पाणी दिलं तर बियाण्याचा, नांगरटीचा खर्च न करता दोन क्विंटल कापूस घरात येतो, आणि त्यावेळी भाव चढा असण्याची आशा. हा हिशोब चुकीचा आहे असं कागदावर दाखवता येईल. पण पुढच्या वर्षीच्या अळीचं नुकसान सगळ्या गावात वाटलं जातं आणि फरदडीचा पैसा एकट्याच्या खिशात येतो. प्रबोधनाने हे सुटत नाही.

मग हा प्रश्न वर कसा न्यायचा? "शेतकरी ऐकत नाहीत" हा प्रश्न होत नाही, ते गाऱ्हाणं झालं. प्रश्न असा: ऑक्टोबरअखेर बहुतेक वेचणी उरकेल आणि नोव्हेंबरात हरभरा पेरता येईल असा कमी कालावधीचा वाण आमच्या मध्यम जमिनीत द्या. असा मांडला की तो पैदासकाराच्या टेबलावर जातो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीवर, म्हणजे दोन ओळींत ९० आणि दोन झाडांत १५ सेंटिमीटर अशा अंतरावर आणि लवकर येणाऱ्या वाणांवर जोर दिला, ते उत्तर याच दिशेचं आहे.

आणि तिथेच गावाकडून पुढचा प्रश्न येतो, जो केंद्रावरच्या प्लॉटमध्ये कधी उठणार नाही. आमच्याकडे पुष्कळ जण कपाशी चौफुलीवर लावतात. उभी-आडवी दोन्हीकडून डवरणी, म्हणजे बैलाच्या डवऱ्याने कोळपणी, होते, निंदणाच्या बायांची मजुरी वाचते. झाडं १५ सेंटिमीटरवर आणली की आडवा डवरा गेला. आता ओळीतलं तण एकतर हाताने काढा नाहीतर तणनाशक मारा. एकरी झाडं वाढली, बियाण्याचा खर्च वाढला, निंदणाचाही वाढला. प्रात्यक्षिकाच्या अहवालात "उत्पादनात वाढ" हा रकाना असतो. "निंदणाला किती बाया लागल्या" हा नसतो. तुम्ही तो घाला. कोणी मागितला नसला तरी घाला. आद्यरेषीय प्रात्यक्षिकाच्या (केंद्र शेतकऱ्याच्या शेतात घेतं त्या) फॉर्ममध्ये जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा. शास्त्रज्ञाला हा आकडा दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

कोकणातल्या चार सूत्री भाताचंही असंच. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ही पद्धत शास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे: १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावणी आणि प्रत्येक चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी खोल दाबायची. नत्र वाहून जात नाही. पण सगळी मदार खुणा केलेल्या दोरीवर आणि ती दोरी धरून वाकून लावणाऱ्या बायकांवर. त्या एका अंगाने मागे सरकत, गाणी म्हणत, हाताच्या अंदाजाने लावतात. दोरी आली की वेग मोडतो, आणि खंडून, म्हणजे ठोक मजुरीवर, घेतलेलं काम असेल तर वेग म्हणजेच मजुरी. जिथे बचत गटाने गोळ्या तयार करून लावणीच्या आठवड्यात गावातच दिल्या आणि लावणीच्या बायकांनाच आधी शिकवलं, तिथे पद्धत टिकली. नाहीतर प्रशिक्षण पुरुषांना आणि लावणी बायकांची, हा घोळ नेहमीचा.

आता तुमच्या हातात काय आहे ते बोलू.

शिफारस हातात आली की ती गावात नेण्याआधी स्वतः फोडून बघा. कोणत्या जमिनीवरचे प्रयोग, ओलिताखाली की कोरडवाहू, किती पावसाचा भाग, किती हंगाम? संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीत, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोत, शिफारस मंजूर होते तेव्हा तिच्यामागे साधारण तीन हंगामांचे आकडे असतात. पुस्तिकेत मात्र एका ओळीत येते. मागचा तपशील मागून घ्या, विभागप्रमुख नाही म्हणत नाहीत. आणि ॲग्रेस्कोची बैठक उन्हाळ्याच्या शेवटी होत असली तरी विषयवार छाननी त्याच्या बरीच आधी होते. तुमचा आक्षेप किंवा आकडा तेव्हा पोचला तरच उपयोग. बैठक झाल्यावर चहाच्या टेबलावर केलेली टीका तिथेच राहते.

एक छोटी गोष्ट, पण तिने जीव जाऊ शकतो म्हणून सविस्तर सांगतो. फवारणीच्या सल्ल्याखाली नेहमी एक ओळ असते: "वरील प्रमाण साध्या पंपासाठी आहे, पॉवर स्प्रेसाठी मात्रा तिप्पट करावी." शास्त्रज्ञाच्या डोक्यातला हिशोब सरळ आहे. साध्या पंपाने हेक्टरी ५०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, पॉवर स्प्रेने त्याच्या तिसऱ्या हिश्शात भागतं, म्हणून पाण्यातलं प्रमाण वाढवायचं. हेक्टरी औषध तेवढंच. गावात मात्र आज बहुतेकांच्या पाठीवर बॅटरीचा पंप आहे. तो पाणी जवळपास साध्या पंपाइतकंच टाकतो, पण बटण दाबून चालतो म्हणून लोक त्याला पॉवर पंप समजतात आणि टाकीत तिप्पट ओततात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्याला डोक्यावर गेलेली दाट पऱ्हाटी, दमट हवा, चार औषधांचं मिश्रण अशी पुष्कळ कारणं होती आणि कुठल्या एका ओळीवर ते ढकलता येणार नाही. तरी सल्ला देताना ती ओळ जशीच्या तशी पुढे पाठवू नका. "एकरी इतकं औषध, तुमच्या पंपाने एकराला किती टाक्या लागतात ते आधी नुसत्या पाण्याने मोजा, मग भागा" असं सांगा. आणि ही अडचण विद्यापीठाला लेखी कळवा. सल्ल्याचा नमुना बदलायला कोणाची मंजुरी लागत नाही. फक्त गोंधळ होतोय हे त्यांना माहीत असावं लागतं.

शास्त्रज्ञाची बाजूही समजून घ्या. त्याची बढती शोधनिबंधांवर आणि ते ज्या नियतकालिकात छापले त्याच्या गुणांकनावर चालते. तुमच्या गावात घालवलेल्या दिवसाचे त्याला फारसे गुण मिळत नाहीत. म्हणून "कधी आमच्याकडे या" असं आमंत्रण देऊ नका. त्याच्या कामाचं काहीतरी घेऊन जा. "माझ्याकडे तीन गावांत अमुक वाणाचे प्लॉट आहेत, माती तपासलेली आहे, पेरणीच्या तारखा नोंदलेल्या आहेत, तुम्हाला मोजणी करायची असेल तर शेतकरी तयार आहेत." अशा निरोपाला नकार मला क्वचितच मिळाला. त्यातून निबंध झाला तर तुमचंही नाव असावं, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलून घ्या. नंतर कटुता येते आणि पुढची दारं बंद होतात. आणि तो शेतात आला की भाषण ठेवू नका. बॅनर, हार, फोटो यात तास जातो. त्याला आणि दोन शेतकऱ्यांना एकाच ओळीत चालायला लावा.

आणखी एका माणसाला या साखळीत धरा: कृषी सेवा केंद्रवाला. आपल्याला आवडो न आवडो, कीड दिसल्यावर शेतकरी पहिल्यांदा त्याच्याकडे जातो, आपल्याकडे नाही. त्याच्यावर औषध खपवायचा संशय घेत बसलं तर देवाणघेवाण अर्धीच राहते. हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार व्यवस्थापनाच्या संस्थेने २००३ मध्ये दुकानदारांसाठी देसी हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम काढला. तुमच्या केंद्रात तो चालत असेल तर त्यातले तास आवडीने घ्या. कुठल्या गावात कोणतं औषध अचानक जास्त मागितलं जातंय, हे त्याला आपल्या सर्वेक्षणाच्या आठवडाभर आधी कळतं. शिकवायला गेलात तर हे विचारूनही या.

व्हॉट्सॲप गट? होतो उपयोग, पण लहान असेल तर. दोनशे जणांच्या गटात शुभ सकाळ आणि बियाण्याच्या जाहिराती येतात. सातआठ सल्लागार आणि दोनतीन शास्त्रज्ञ, एक पीक, एवढाच ठेवा. फोटो टाकायचा तर तीन: अख्खं शेत, अख्खं झाड, आणि पान किंवा बोंड वर-खाली दोन्ही बाजूंनी. सोबत जमीन, वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी. हे नसेल तर उत्तर द्यायचं नाही, असं शास्त्रज्ञांनाच सांगायला लावा. तुम्ही सांगितलं तर वाईट दिसतं. सल्ला दिल्यावर दहा-बारा दिवसांनी त्याच शेताचा फोटो पुन्हा टाकायचा. बहुतेक गट इथे ढिले पडतात, आणि शास्त्रज्ञाला नेमकं तेच हवं असतं, कारण आपण सांगितलेलं लागू पडलं की नाही हे त्याला एरवी कोणी कळवत नाही. हंगाम संपला की गटातले प्रश्न एका वहीत उतरवून काढा, एकच प्रश्न चार तालुक्यांतून आला असेल तर तो केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या बैठकीत ठेवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. गट मे महिन्यातच करा. एकदा पेरणीची धांदल उडाली की नवीन नंबर कोणी उचलत नाही.